‘आंधळा’ आणि ‘अंध’ : एका अर्थक्षेत्राची वाटणी

इंग्रजीतील ‘ब्लाइंड’ हा शब्द मराठीत आणावयाचा झाला म्हणजे अनुवादकाच्या हाती प्रथम ‘आंधळा’ येतो, आणि पुष्कळदा तेथेच त्याची वाट चुकते. इंग्रजीत ज्याला दिसत नाही तो माणूस ‘ब्लाइंड’. ज्याच्या पलीकडचे दिसत नाही ते वळण ‘ब्लाइंड’. जिच्या टोकाला रस्ता नाही ती गल्ली ‘ब्लाइंड’. पत्ते न पाहता लावलेली रक्कम, लेखकाचे नाव न कळू देता केलेले परीक्षण, विचार न करता ठेवलेला विश्वास ही सारी ‘ब्लाइंड’. आणि खिडकीवर ओढून घ्यावयाचा आडोसा तोही ‘ब्लाइंड’च. पाहणारा, पाहण्याची वस्तू आणि दोहोंच्या मध्ये येणारा अडथळा, असे दृष्टीच्या व्यापारातील तिन्ही घटक ह्या एका शब्दाने आपल्या कक्षेत ओढले आहेत.

मराठीने हे क्षेत्र एका शब्दाच्या स्वाधीन केलेले नाही. ‘आंधळा’ आणि ‘अंध’ ह्या दोन सख्ख्या शब्दांत तिने त्याची वाटणी केली, काही भाग ‘अंधार’ व ‘अंधुक’ ह्या भावंडांकडे गेला, आणि उरलेला बराच मोठा भाग ‘अंध’ कुळाबाहेरच्या, अगदी वेगळ्या शब्दांकडे राहिला. ही वाटणी कशी झाली हे पाहणे केवळ कोशकाराच्या सोयीचे नाही. ज्यांना दिसत नाही अशा माणसांविषयी समाज काय गृहीत धरतो, आणि त्या गृहीताचा भार कोणावर पडतो, हेही तीत दिसून येते.

प्रथम शब्दांच्या कुळाकडे वळू. संस्कृत ‘अन्ध’ हा शब्द वैदिक काळापासून आढळतो आणि अवेस्तेच्या भाषेतही त्याचा जोडीदार आहे. संस्कृतात त्याचे दोन अर्थ शेजारी नांदतात : न पाहणारा आणि गडद, काळोखी. ‘अन्धकार’ व ‘अन्धतामिस्र’ ह्या शब्दांत दुसरा अर्थ आहे. तृणवेलींनी तोंड झाकून गेलेल्या विहिरीला ‘अन्धकूप’ म्हणत. तेथे विहिरीला दिसत नाही असे नसून विहीरच दिसत नाही. लॅटिनमधील ‘केकुस’ ह्या शब्दाचेही असेच दोन अर्थ होते, न पाहणारा आणि न दिसणारा. जर्मन भाषेत तिकीट न काढता जहाजात लपून बसलेल्या उतारूला ‘आंधळा प्रवासी’ म्हणतात. त्याचे डोळे उत्तम असतात, तो इतरांना दिसत नाही एवढेच. इंग्रजी ‘ब्लाइंड’च्या मुळाशी अंधुक होणे, गोंधळणे हा भाव असल्याचे व्युत्पत्तिकार मानतात. सारांश, पाहणाऱ्याचे उणेपण आणि भोवतालचा काळोख ह्यांची सरमिसळ ही कोणा एका भाषेची लकब नव्हे. दिसत नाही एवढाच अनुभव प्रथम असतो. दोष डोळ्याचा की दिव्याचा हे भाषा मागाहून ठरविते.

मराठीने ते बऱ्याच स्पष्टपणे ठरविले. ‘अन्धकार’ पासून ‘अंधार’ झाला व काळोखाचा अर्थ त्याच्याकडे गेला. कमी प्रकाश आणि कमी दिसणे ह्या दोहोंसाठी ‘अंधुक’ राहिला. माणसासाठी ‘आंधळा’ उरला. ह्या शब्दातील ‘ळ’ कोठून आला, ह्याचे उत्तर हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात, म्हणजे बाराव्या शतकात, मिळते. विद्युत्, पत्र, पीत आणि अन्ध ह्या चार शब्दांना प्राकृतात अर्थ न बदलता ‘ल’ हा प्रत्यय लागतो, असे त्याने एका सूत्रात नोंदविले आहे. मराठीतील ‘पातळ’, ‘पिवळा’ आणि ‘आंधळा’ हे त्याच सूत्राचे वंशज होत. गुजरातीत ‘आंधळो’ आहे. हिंदीने मात्र बिनप्रत्ययाचा ‘अंधा’ पसंत केला. त्याच ‘अंधा’ला ‘धुंध’ जोडून झालेला शब्द मराठीत ‘अंदाधुंद’ होऊन आला. त्यातील ‘ध’चा महाप्राण गळाला आणि त्याबरोबर आंधळेपणाची आठवणही गळाली. ‘अंदाधुंद गोळीबार’ असे लिहिणाऱ्या वार्ताहराच्या मनात आंधळा माणूस मुळीच नसतो. रूपक मरते ते असे, ध्वनीच्या वाटेने.

‘आंधळा’ तद्भव, ‘अंध’ तत्सम. पण ह्यांतील भेद केवळ बोलीचा व ग्रंथाचा नाही. ‘आंधळा’ लिंगवचनाप्रमाणे बदलतो : आंधळा, आंधळी, आंधळे. तो हाक मारण्यास चालतो, शिवी देण्यासही चालतो. ‘अंध’ अविकारी आहे. त्याने कोणी कोणाला हाक मारीत नाही. ‘अंध’ समासात उत्तरपदी सहज बसतो (मदांध, कामांध, धर्मांध, जन्मांध) आणि पूर्वपदीही बसतो (अंधानुकरण, अंधश्रद्धा). ‘आंधळा’ समासात क्वचित जातो. ‘रातांधळा’ हा त्याचा ठळक अपवाद, आणि वैद्यकीय लिखाणातही ‘रातांधळेपणा’ टिकून आहे, ही गोष्ट त्या शब्दाच्या घरगुती बळाची साक्ष देते. भाववाचक रूपांत तर वाटणी आणखी स्पष्ट होते. ‘त्याचे अंधत्व’ म्हटले की डोळ्यांचा प्रश्न असतो; ‘त्याचा आंधळेपणा’ म्हटले की बहुधा बुद्धीचा किंवा नीतीचा. एकाच मूळ शब्दाच्या दोन भाववाचकांनी शरीर आणि चारित्र्य असे दोन प्रांत वाटून घेतले आहेत.

संस्थांनी ह्या वाटणीचा उपयोग फार लवकर ओळखला. मुंबईत दादर येथे १९०० साली आणि पुण्यात १९३४ साली दृष्टिहीन मुलांसाठी शाळा निघाल्या. १९५२ साली मुंबईतच राष्ट्रीय पातळीवरील संघ स्थापन झाला. मराठीत अशा शाळांना नाव रूढ झाले ते ‘अंधशाळा’. ‘आंधळ्यांची शाळा’ हे पाटीवर आले नाही. तत्सम शब्दाचे अंतर येथे सौजन्याचे काम करते. त्याला घराचा, अंगणाचा, भांडणाचा वास नाही.

आता एखादे गाव घेऊन पाहू. शिरूर आणि दौंड ह्या तालुक्यांच्या सीमेवर, भीमेच्या काठी, वडगाव रासाई आहे. अशा गावात कोणा वृद्धाची दृष्टी गेली तर त्याच्याविषयी निदान तीन प्रकारे बोलले जाते. ग्रामपंचायतीच्या कागदावर तो ‘दिव्यांग’ असतो. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम ज्यांच्यासाठी खर्च करावयाची त्या वर्गाचे हे शासकीय नाव. रुग्णालयाच्या दाखल्यावर त्याला ‘अंधत्व’ किंवा ‘अल्पदृष्टी’ आहे. घरात आणि पारावर मात्र ह्या भागातला माणूस समोरासमोर ‘आंधळा’ म्हणणे टाळतो. तो म्हणतो, ‘डोळ्यानं अधू हाय’, ‘नजर गेली’, ‘दिसत न्हाई आता’. ‘आंधळा’ हा शब्द बहुतेक पाठीमागे वापरण्याचा, म्हणीतला, नाही तर रागाचा.

ह्यांपैकी ‘अधू’ हा शब्द अभ्यासकांच्या नजरेतून निसटतो, आणि तोच सर्वांत विचार करण्याजोगा आहे. ‘अधू’ म्हणजे उणा, दुबळा; तो पायानेही असतो, डोळ्यानेही असतो. त्यात दोष एका अवयवापुरता ठेवला आहे. माणूस पुरा उरतो. शिवाय तो श्रेणीचा शब्द आहे. थोडा अधू, फार अधू असे म्हणता येते. ‘थोडा आंधळा’ मात्र विनोदावाचून कोणी म्हणत नाही. ‘आंधळा’ हा अर्थाने सर्व-किंवा-शून्य आहे : एक तर माणूस आंधळा असतो, नाही तर नसतो.

ह्या लहानशा अर्थभेदाने प्रत्यक्ष जीवनात मोठा घोळ होतो. कायद्याचे ‘अंधत्व’ सर्व-किंवा-शून्य नाही. १९९५ च्या अधिनियमाप्रमाणे, चष्मा लावूनही ज्याच्या अधिक चांगल्या डोळ्याची दृष्टी ६/६० च्या वर जात नाही, म्हणजे निकोप डोळ्यास साठ मीटरांवरून दिसणारे अक्षर ज्याला सहा मीटरांवर यावे तेव्हा वाचता येते, तो अंध. किंवा ज्याचे दृष्टिक्षेत्र वीस अंश अथवा त्याहून संकुचित झाले आहे तो. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ही रेषा ३/६० च्या खाली नेली आणि दृष्टिक्षेत्राची मर्यादा दहा अंशांच्या आत आणली. वरच्या टप्प्याला ‘अल्पदृष्टी’ असे निराळे नाव दिले. परिणाम असा की ४/६० दृष्टीचा माणूस पहिल्या कायद्याने अंध होता, दुसऱ्याने तो अल्पदृष्टी झाला. त्याच्या डोळ्यांत काहीच बदलले नव्हते, बदलली ती शब्दाची व्याप्ती. २०१७ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमानेही तीच ३/६० ची मर्यादा स्वीकारली.

व्याख्येने अंध ठरलेल्या पुष्कळांना उजेड, आकृती, हालचाल एवढे दिसते. दृष्टिक्षेत्र संकोचलेला माणूस तर समोरच्याचा चेहरा ओळखू शकतो आणि बाजूला उभ्या असलेल्या खांबावर आपटतो. असा माणूस दाखला घेऊन एस.टी.च्या गाडीत चढला, खिडकीतून पाहू लागला, हातातील नाणी निवडू लागला, की भोवतालच्या लोकांच्या मनात ‘आंधळा’ ह्या शब्दाचा पुरा, सर्व-किंवा-शून्य अर्थ जागा होतो आणि ते त्याला लबाड ठरवितात. येथे खोटे कोणीच बोलत नसते. दाखला ‘अंध’ म्हणतो तो मोजमापाच्या अर्थाने, प्रवासी ‘आंधळा’ समजतात तो रूढ अर्थाने, आणि दोन्ही शब्द सख्खे असल्यामुळे ते एकच आहेत अशी समजूत होते. ‘अधू’ व ‘अंधुक’ हे श्रेणी सांगणारे शब्द भाषेत हजर असताना परिभाषेने त्यांच्याकडे पाहिले नाही. ‘अल्पदृष्टी’ हा त्या दिशेने टाकलेला उशिरा का होईना पण योग्य पाय होय.

‘दिव्यांग’ ह्या शब्दाची गोष्ट वेगळी. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी आकाशवाणीवरील भाषणात ‘विकलांग’ ऐवजी तो सुचविला. महाराष्ट्रात ‘अपंग’ची जागा त्याने घेतली आणि २०२२ च्या डिसेंबरात राज्याने दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभागच काढला. अपंगांच्या काही संघटनांनी ह्या शब्दास विरोध केला, तो अर्थदृष्ट्या समजण्याजोगा आहे. मराठीत गौरवपर शब्द पूर्वीही होते. विदर्भातील गुलाबराव महाराज (१८८१–१९१५) ह्यांची दृष्टी तान्हेपणी गेली आणि त्यांनी शंभरांहून अधिक ग्रंथ रचले. त्यांना ‘प्रज्ञाचक्षू’ म्हणतात. पण ते बिरुद एका व्यक्तीने आपल्या कर्तृत्वाने मिळविलेले आहे. बिरुद सरसकट वर्गाचे नाव झाले की त्यातील गौरव फिका पडतो आणि केवळ आडपडदा उरतो.

‘आंधळा’ शब्दाचा खरा संसार म्हणींत आहे. त्या नीट पाहिल्या म्हणजे एक अनपेक्षित गोष्ट आढळते : मराठी म्हणींत आंधळा क्वचितच अपराधी असतो. ‘आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते’ ह्या म्हणीचा उपयोग गैरकारभारासाठी होतो, परंतु तिच्यातील आंधळे माणूस राबत आहे, जात्यावर बसून कष्ट करीत आहे. चोरी कुत्र्याची, आणि हलगर्जी असलीच तर पाहणाऱ्या घरच्यांची. ‘आंधळ्याच्या गाई देव राखतो’ हिच्यात कणव आहे. ‘आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन’ हिच्यात अपेक्षेहून मोठा लाभ आहे. ‘आंधळ्याची काठी’ म्हणजे एकुलता आधार. हिंदीत आंधळ्यांमधला काणा राजा होतो. त्या प्रसंगी मराठी माणूस वासरांतली लंगडी गाय शहाणी ठरवितो आणि डोळ्यांच्या वाटेस जातच नाही.

संस्कृत लौकिक न्यायांतही हाच कल आहे. ‘अंधगोलांगूलन्याया’त वाट विचारणाऱ्या आंधळ्याच्या हाती एक दुष्ट माणूस बैलाची शेपटी देतो व हीच धरून जा म्हणून सांगतो. आंधळा फरफटला जातो. पण न्याय बोट दाखवितो ते खोट्या मार्गदर्शकाकडे. सांख्यांचा ‘पंग्वंधन्याय’ तर आणखी समतोल आहे. ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेत पुरुष पांगळा व प्रकृती आंधळी. एकाला दिसते पण चालता येत नाही, दुसरीला चालता येते पण दिसत नाही. दोहोंच्या संयोगाने सृष्टी होते. तेथे अंधत्व हे गतीचे नाव आहे, अज्ञानाचे किंवा पापाचे नव्हे. ‘अंधगजन्याया’त मात्र हत्तीचा कान, पाय, सोंड चाचपून भांडणारे आंधळे हास्यास्पद होतात. तेही खोटे बोलत नाहीत. अर्धवट सांगतात इतकेच.

मग दोष येतो कोठून? तो येतो डोळे असलेल्या माणसाला ‘आंधळा’ म्हणण्यातून. ‘आंधळा झालास काय?’ हा प्रश्न ज्याला खरोखर दिसत नाही त्याला कोणी विचारीत नाही. तो पाण्याची घागर लवंडणाऱ्या डोळस माणसाला विचारला जातो. ‘डोळे असून आंधळा’ ह्या प्रयोगातील ‘असून’ हे अव्ययासारखे रूप सर्व अर्थाचे बिजागर आहे : आरोप आहे तो क्षमता असून ती न वापरण्याचा. तर्काने पाहता दृष्टिहीन माणसावर हा आरोप होऊच शकत नाही, कारण त्याची पहिली अटच तो पुरी करीत नाही. पण शब्दाला तर्क पुरत नाही. शतकानुशतके डोळसांच्या चुकांसाठी वापरलेला शब्द निंदेचा रंग धरतो, आणि तो रंग घेऊन जेव्हा मूळ धन्याकडे परत येतो तेव्हा त्याला विनाकारण लागतो. महाभारतातील धृतराष्ट्राने ही गाठ अधिकच घट्ट केली. जन्मांध आणि पुत्रमोहाने आंधळा, अशी शारीरिक व नैतिक अंधता एका देहात एकवटल्यामुळे एक दुसरीचे कारण असावी असा भास निर्माण झाला. वस्तुतः त्याच कथेत डोळ्यांवर पट्टी बांधून घेणारी गांधारी आहे, आणि डोळे उघडे ठेवून सभेत गप्प बसलेले कितीतरी वीर आहेत.

एकनाथांच्या भारुडांत बहिरा, मुका, आंधळा, पांगळा अशी सोंगे येतात. ह्या रूपकांत बोलणारा बहुधा प्रथमपुरुषी असतो. उणेपण दुसऱ्याला न चिकटविता तो ते स्वतःकडे घेतो. रूपकाचे हे वळण सभ्य आहे आणि भाषेच्या अभ्यासकाने त्याची नोंद ठेवावी असे आहे. विसाव्या शतकातील ‘अंधश्रद्धा’ ह्या समासात हे वळण राहिले नाही. तेथे अंधता नेहमी दुसऱ्याची असते. जुने सुधारक ‘भोळ्या समजुती’, ‘धर्मभोळेपणा’ असे म्हणत. त्यात डोळ्यांचा संबंध नव्हता. ‘अंधश्रद्धा’ हा शब्द नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीमुळे घरोघर पोहोचला. त्यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी राज्याने कायदा केला. त्या कायद्याच्या लांबलचक शीर्षकात नरबळी आहे, अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा आहेत, जादूटोणा आहे, ‘अंधश्रद्धा’ नाही. अर्थशास्त्राच्या, म्हणजे शब्दार्थाच्या शास्त्राच्या, दृष्टीने हे ठीकच झाले. प्रथा ही पुराव्याने सिद्ध करता येते. श्रद्धा डोळस की आंधळी हे ठरविणारे मोजमाप कोणत्याही न्यायालयापाशी नाही.

ह्याच संदर्भात ‘डोळस’ हा प्रतिशब्द पाहण्याजोगा आहे. दृष्टिहीन मंडळी आपसांत बोलताना इतरांना ‘डोळस’ म्हणतात. त्यात स्तुती नसते, ज्याला दिसते तो एवढाच अर्थ. समीक्षक ‘डोळस अभ्यास’ म्हणतो तेव्हा ती निव्वळ स्तुती असते. एकाच शब्दाचा मूळ अर्थ जपण्याचे काम अंधांनी केले, आणि लाक्षणिक अर्थ डोळसांनी वाढविला.

आता ‘ब्लाइंड’च्या उरलेल्या प्रांताकडे येऊ. न दिसणारे, झाकलेले, टोक बंद असलेले, ह्या अर्थांसाठी मराठीने ‘आंधळा’ फारसा वापरला नाही. तिने दुसरी इंद्रिये कामास लावली. वरून जखम नाही, पण आत दुखापत आहे, अशा माराला मराठी माणूस ‘मुका मार’ म्हणतो. न दिसणे हे येथे न बोलणे झाले. संवेदना गेलेला अवयव ‘बधिर’ होतो. बहिरेपणा कानातून त्वचेवर उतरला. टोक नसलेली गल्ली ‘बंद’, पलीकडचे न दिसणारे वळण ‘धोक्याचे’. पाहूनही न पाहिल्यासारखे करणे ह्याला ‘डोळेझाक’ आणि ‘कानाडोळा’ असे दोन सुरेख शब्द आहेत, आणि दोहोंतही आंधळ्या माणसाला ओढलेले नाही. झाकणारा आपलेच डोळे झाकतो. घाण्याच्या बैलाच्या डोळ्यांवरची ‘झापड’ही तशीच : बाहेरून घातलेली, काढता येण्याजोगी. वाक्प्रचारांचा हा साठा असताना ‘आंधळा डोळा फिरविणे’ असे भाषांतर छापले जाते, हे केवळ आळसाचे लक्षण होय.

शास्त्रीय परिभाषेत मात्र ‘अंध’ला नाइलाजाने पुष्कळ काम करावे लागले. डोळ्यातून दृक्‌चेता जेथून बाहेर पडते त्या जागी प्रकाशग्राही पेशी नसतात. त्या जागेला ‘अंधबिंदू’ म्हणतात. सतराव्या शतकात मारिओत ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने तो दाखवून दिला. तो प्रत्येक निकोप डोळ्यात असतो. ‘रंगांधता’ हा शब्द अतिशयोक्त आहे. जॉन डाल्टनने १७९४ साली स्वतःच्या ज्या दृष्टिदोषाचे वर्णन केले त्यात रंग मुळीच दिसत नाहीत असे नव्हते, काही रंगांत भेद करता येत नव्हता. संस्कृतात घुबडाला ‘दिवांध’ म्हणत, तेही तितकेच अन्यायाचे. वाळा नावाचा गांडुळासारखा लहान साप इंग्रजीत ‘आंधळा साप’ ठरला आहे. त्याचे डोळे खवल्याखाली काळ्या ठिपक्यांसारखे असतात आणि उजेड-अंधार त्याला कळतो. मराठीने ‘वाळा’ एवढेच म्हटले, हे बरे केले.

दोन भाषांतील खरा विरोध प्रकट होतो तो न्यायाच्या बाबतीत. इंग्रजीत न्याय ‘ब्लाइंड’ आहे असे म्हणणे ही प्रशंसा आहे : तो समोरच्याचे तोंड पाहत नाही. हे चित्र तेथेही फार प्राचीन नाही. न्यायदेवतेच्या डोळ्यांवर पट्टी असलेले एक अत्यंत जुने चित्र १४९४ साली बाझेल येथे छापलेल्या एका उपहासपर ग्रंथात आहे, आणि त्यात ती पट्टी एक विदूषक तिच्या मागे उभा राहून बांधीत आहे. म्हणजे प्रारंभी ती पट्टी थट्टेची होती; निःपक्षपाताचे चिन्ह ती पुढील शतकात झाली. मराठीत हे शब्दशः आणले की ‘न्याय आंधळा असतो’ असे होते, आणि ऐकणाऱ्याला त्यात निंदाच ऐकू येते, कारण ‘आंधळा कारभार’ म्हणजे बेबंदशाही. १९८३ सालच्या ‘अंधा कानून’ ह्या हिंदी चित्रपटाच्या नावातही प्रशंसा नाही.

ह्याचे कारण असे की मराठीने निःपक्षपाताची कल्पना न पाहण्यातून केलेली नाही, सारखे पाहण्यातून केली आहे. सर्वांना ‘एका नजरेने’ पाहावयाचे, ‘समदृष्टी’ ठेवावयाची, ‘समदर्शी’ व्हावयाचे. पट्टी बांधावी लागते ती ज्याच्या नजरेचा भरवसा नाही त्याला. महाराष्ट्राच्या स्मृतीत न्यायाधीशाचा आदर्श रामशास्त्री प्रभुणे. १७७३ मध्ये नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर त्यांनी रघुनाथरावांना दोषी ठरविले. त्यांच्यासाठी भाषेने ठेवलेली विशेषणे ‘निःस्पृह’ आणि ‘निर्भीड’ अशी आहेत. आपल्यासमोर कोण उभा आहे हे त्यांना पुरते दिसत होते, आणि त्या न्यायाची थोरवी त्यातच आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयातील न्यायदेवतेच्या नव्या मूर्तीच्या डोळ्यांवर पट्टी नाही, हातात तलवारीऐवजी राज्यघटना आहे, ही वार्ता आली. तीविषयी मते काहीही असोत, मराठी शब्दार्थाशी ती मूर्ती अधिक जुळते.

विद्यापीठांच्या व्यवहारात हा प्रश्न रोजचा आहे. औषधांच्या चाचणीत रोग्यास व वैद्यास, दोघांसही, खरे औषध कोणाला मिळाले हे कळू देत नाहीत. शोधनिबंधाच्या परीक्षणात लेखक व परीक्षक परस्परांना अज्ञात ठेवतात. ह्यांना मराठीत ‘दुहेरी अंध चाचणी’, ‘दुहेरी अंध परीक्षण’ म्हटले जाते. ऐकणाऱ्यास परीक्षणात काही तरी गफलत आहे असे वाटते, कारण ‘अंध’ पूर्वपदी आला की मराठीत तो ‘अंधानुकरणा’च्या पंक्तीत बसतो. परीक्षणासाठी ‘नामगुप्त’ आणि चाचणीसाठी ‘उभयअज्ञात’ असे शब्द वापरले तर काय लपविले आहे ते नेमके कळते, आणि इंद्रियाचा संबंध सुटतो. नामगुप्ततेत परीक्षकाने निबंध डोळे उघडे ठेवूनच वाचावयाचा असतो.

जेथे ‘आंधळा’ बसत नाही आणि नवा शब्द घडविण्याची कोणास गरज वाटली नाही, तेथे लोकांनी मूळ इंग्रजी शब्दच घेतला. तीन पत्तीच्या डावात आपले पत्ते न उचलता रक्कम लावणारा ‘ब्लाइंड खेळतो’. पत्ते पाहिलेल्या खेळाडूला त्याच्या दुप्पट लावावे लागते, कारण ज्याने पाहिले त्याला ते कळले असे धरून चालतात. ‘आंधळा खेळतो’ असे म्हटले तर खेळाडूचा अपमान होईल. ‘ब्लाइंड खेळतो’ ह्यात अपमान नाही, उलट किंचित धाडस आहे. पत्ते उचलले की तो पुन्हा ‘ब्लाइंड’ होऊ शकत नाही, आणि पुढच्या डावापर्यंत त्याला दुप्पट दरानेच खेळावे लागते.